जालन्यातल्या एका सेवा क्लबची साप्ताहिक सभा: वक्ते, सत्कार आणि चार पानी बुलेटिन

निमंत्रणावर वेळ साडेसातची असते आणि घंटा पडते आठ वाजून गेल्यावर. मोंढ्यातलं दुकान मिटवून, गल्ला मोजून माणूस घरी जाऊन येईपर्यंत आठ होतातच. डॉक्टर सभासदांची संध्याकाळची ओपीडी त्याहूनही उशिरा आटोपते. हे सगळ्या सभासदांना ठाऊक आहे, ठाऊक नसतं ते फक्त पाहुण्या वक्त्याला. परभणीहून किंवा संभाजीनगरहून आलेला माणूस सव्वासातला हॉलवर पोचतो आणि पाऊण तास रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहतो. निमंत्रणावर आठ छापावेत आणि आठलाच घंटा वाजवावी. या क्लबमधली सुधारायला सगळ्यांत सोपी चूक हीच आहे.

परीक्षण दोन गोष्टींचं आहे: दर आठवड्याची सभा, त्यातही पाहुण्याचं भाषण, आणि त्या सभेवरून निघणारं बुलेटिन. क्लबची शिबिरं, शाळांना दिलेली बाकं, रुग्णोपयोगी साहित्य यांचा हिशेब इथे नाही. थोडक्यात मत असं की सभा चांगली आहे, काही वेळा फारच चांगली आहे, आणि बुलेटिन तिच्या मानाने बरंच मागे आहे. हॉलमध्ये चाळीस माणसं जे ऐकून घरी जातात, ते बुलेटिनमधून एकेचाळिसाव्या माणसापर्यंत पोचत नाही.

या सभांचा साचा रोटरी असो की लायन्स, सारखाच असतो. दोन्ही संस्था शिकागोतल्या, पहिली १९०५ची आणि दुसरी १९१७ची. रोटरीच्या पहिल्या बैठकीला चार जण होते: एक वकील, एक खाण अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपी. पुढच्या बैठका आळीपाळीने, म्हणजे इंग्रजीत ‘रोटेशन’ने, एकेकाच्या कचेरीत व्हायच्या, म्हणून नाव रोटरी. वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांनी एकत्र बसायचं, हे या सभेचं मूळ. रोटरीने २०१६ मध्ये नियम सैल केले आणि महिन्यातून दोन सभाही चालतील असं ठरवलं. त्यानंतर कितीतरी क्लब पंधरवड्यावर गेले. जालन्याचा हा क्लब दर आठवड्याला भरतो, आणि त्यासाठी त्याचं मनापासून कौतुक करायला हवं. पंधरवड्याची एक सभा लग्नसराईत बुडाली की महिनाभर गाठ नाही, आणि गाठ नसली की पुढच्या शिबिराला खुर्च्या उचलायला माणूस मिळत नाही.

जुन्या मुळाशी इमान राखणारा इथला सर्वांत भक्कम कार्यक्रम म्हणजे व्यवसाय परिचय. बाहेरचा वक्ता नाही, क्लबातलाच एक सभासद पंचवीस मिनिटं स्वतःच्या धंद्याबद्दल बोलतो. अट एकच: कंपनीची जाहिरात करायची नाही, धंदा कसा चालतो ते सांगायचं. जालन्यासारख्या गावात बियाणं, स्टील, जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढण्याचा धंदा), डाळमिल अशी माणसं एकाच टेबलावर बसतात, पण एकमेकांच्या कारखान्यात नेमकं काय घडतं हे त्यांनाही माहीत नसतं.

जिनिंगवरचं भाषण कसं असावं याचा हिशेबच देतो, कारण या क्लबात ते जवळपास असंच होतं. एक क्विंटल कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, साधारण ६२ ते ६४ किलो सरकी, उरलेली घट. रुईची गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण, एका टक्क्याने खाली आला की क्विंटलमागे एक किलो रुई गेली, आणि बाजारात रुईचा भाव सरकीच्या कितीतरी पट असतो. ओल्या कापसाच्या वजनात पाणीही मोजलं जातं, म्हणून व्यापारी कापसाच्या ढिगात हात खुपसून आधी ओलावा पाहतो. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, खरेदीसाठी ८ टक्के ओलावा आधार धरते, त्यावर प्रत्येक टक्क्याला भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतलाच जात नाही. सकाळी दव असताना वेचून तसाच पोत्यात दाबलेला कापूस शेतकऱ्याला का महाग पडतो, हे या आकड्यांत कळतं. असं भाषण ऐकलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात टक्केवारी शिकवताना ते वापरू शकतो. व्यवसाय परिचय महिन्यातून एकदा होतो, तो दोनदा व्हायला हरकत नाही.

बाहेरच्या वक्त्यांमध्ये दोन तऱ्हा दिसतात. पहिल्या तऱ्हेला विषय नेमका दिलेला असतो. सप्टेंबरात गुलाबी बोंडअळीवर बोलायला आलेल्या कृषी कीटकशास्त्राच्या माणसाला “कपाशीवरील कीड व्यवस्थापन” असा विषय न देता “फवारणी करायची की नाही हे कसं ठरवावं” असं विचारलं, तर भाषण आपोआप कामाचं होतं. मग तो सांगतो: हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले तर सावध व्हा. फुलांमध्ये डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, शोधा. एकरात फिरून वीस हिरवी बोंडं तोडा, फोडा, त्यांतल्या दोनांत अळी किंवा तिने केलेलं नुकसान दिसलं तर दहा टक्के झाले, आता फवारा. बोंड बाहेरून चांगलं दिसतं म्हणून फोडायचं टाळू नका, कारण अळी आत शिरल्यावर भोक बुजून जातं. आणि डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी, ठेवू नका, कारण पुढच्या वर्षीच्या किडीला तीच घर देते. क्लबातले निम्मे सभासद शेतीही पाहतात, उरलेल्यांकडे शेतकरी गिऱ्हाईक येतात. हे ऐकायला माणसं खुर्चीत पुढे सरकून बसतात.

सर्पदंशावरचं भाषणही याच जातीचं. पावसाळा सुरू होण्याआधी, म्हणजे मे अखेरीला ते ठेवलं जातं, हे नियोजन उत्तम. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर एकच संमिश्र प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून दवाखान्यात आणण्यात वेळ घालवू नये. करकचून बांधू नये, कापू नये, चोखू नये. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज यायच्या आत काढावेत, हातपाय मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून हलू देऊ नये आणि १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठावा. डॉक्टर वक्त्याने वीस मिनिटांची रक्तचाचणी समजावली तर भाषण आणखी वर जातं: दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरपं करून पाहायचं. गोठलं नसेल तर घोणस-फुरशाचं विष रक्तात उतरलंय असं समजायचं. नळी प्लास्टिकची असेल तर चाचणी फसते, कारण रक्त गोठायला लागतं ते काचेच्या स्पर्शाने. तालुक्याच्या दवाखान्याला काचेच्या नळ्यांची एक पेटी भेट द्यायला फारसा खर्च येत नाही. अशा भाषणातून क्लबला पुढचं काम सापडतं, आणि वक्त्याला बोलावण्याचा खरा उपयोग तोच.

दुसऱ्या तऱ्हेत वक्त्याला “आपण काहीही बोला साहेब” असं सांगितलेलं असतं. मग ताणतणाव, सकारात्मक विचार, यशाची गुरुकिल्ली. बोलणारा वाईट नसतो, पण त्याला जालन्यात कशासाठी बोलावलं हे त्यालाही सांगता येणार नाही. सरकारी अधिकाऱ्यांच्या बाबतीत दोष वेगळा: ते योजनांची यादी घेऊन येतात आणि तीस मिनिटांत बावीस योजनांची नावं वाचतात. त्यांना आधीच एवढं विचारावं की आपल्या खात्यात लोकांचे अर्ज सर्वांत जास्त कुठल्या कागदाअभावी परत जातात. हा एक प्रश्न दिला की तोच अधिकारी फार मोलाचं बोलतो. कार्यक्रम समितीने वक्त्याला दहा दिवस आधी लेखी निरोप पाठवावा. त्यात श्रोते कोण, भाषण किती मिनिटं, पडदा-प्रोजेक्टर आहे का, आणि सभासदांच्या मनातले तीन प्रश्न एवढं असावं. आजघडीला फोनवर एक आमंत्रण आणि आदल्या दिवशी एक आठवण, इतकंच होतं.

वेळेचं गणित घड्याळ लावून पाहिलं तर दुखणं लगेच कळतं. घंटा, राष्ट्रगीत, क्लबची प्रतिज्ञा आणि सचिवाचं निवेदन यांना बारा मिनिटं. वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, टाळ्या, फोटो यांना सात-आठ. मग व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं स्वागत. वक्त्याचा परिचय करून देणारा सभासद दोन पानं वाचतो: जन्मगाव, शिक्षण, सगळे पुरस्कार. हे होईतो पावणेनऊ झालेले असतात आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येऊ लागतात. वक्ता स्वतःहून “मी थोडक्यातच बोलतो” म्हणतो आणि सर्वांत चांगला भाग गाळतो. परिचय नव्वद सेकंदांचा असावा आणि त्यात एकच गोष्ट यावी: या माणसाने हे काम किती वर्षं, कुठे केलं. पुरस्कार बुलेटिनमध्ये छापता येतात.

शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह देण्याला विरोध नाही. आलेल्या माणसाचा मान राखणं ही आपल्याकडची रीत आहे आणि ती राहावी. मात्र सत्कार भाषणाआधी केला की वक्ता शाल सांभाळत, नारळ कुठे ठेवावा शोधत माईकपाशी जातो. भाषणानंतर, आभाराच्या जागीच सत्कार करावा. आभार मानणाऱ्याने भाषणातली एक गोष्ट, आकड्यासकट, पुन्हा म्हणून दाखवावी, म्हणजे ऐकल्याची पावती मिळते. सन्मानचिन्हाबद्दल एक सूचना: लाकडी पाटीवरची काचेची नक्षी वक्त्याच्या घरी कपाटावर जाते. त्याऐवजी हिमरू विणकामाचा स्टोल, नाहीतर हंगामात मराठवाड्याचा केसर आंबा किंवा बीडची सीताफळं द्यावीत. दोन्ही फळांना भौगोलिक मानांकन आहे, आणि घरी गेल्यावर ती सगळे मिळून खातात.

प्रश्नोत्तरांची दहा मिनिटं हा इथला सर्वांत अशक्त भाग. पहिला हात नेहमी ज्येष्ठ सभासदाचा वर जातो आणि प्रश्नाआधी पाच मिनिटांचं मनोगत येतं. त्यांचा अनुभव मोठा आहे यात शंका नाही, पण वेळ वक्त्याचा आहे. चिठ्ठ्या वाटून प्रश्न लिहून घ्यावेत आणि सभेची शिस्त पाहणाऱ्या सभासदाने, म्हणजे सार्जंटने, ते वाचावेत. महिला सभासद आणि तरुण मंडळी माईकवर उठून बोलायला कचरतात, चिठ्ठीवर मात्र नेमकं विचारतात.

यंत्रसामग्रीत तीन नेहमीच्या अडचणी दिसतात. वायरलेस माईकची बॅटरी मध्येच बसते, त्यामुळे सभेच्या दिवशी नवे सेल घालावेत आणि एक वायरचा माईक जोडून तयार ठेवावा. स्पीकर वक्त्याच्या मागे असतील तर माईक शिट्टी मारणारच, ते वक्त्याच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. प्रोजेक्टरला जुनी व्हीजीए वायर आहे आणि नव्या लॅपटॉपला ते भोक नसतं, तेव्हा एचडीएमआय वायर आणि टाइप-सीचा जोड क्लबच्या पेटीत कायमचा असावा. वक्त्याने स्लाइड मराठीत केल्या असतील तर त्या पीडीएफ करून मागवाव्यात, नाहीतर दुसऱ्या संगणकावर अक्षरांचा चुरा होतो. आणि जालन्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, इन्व्हर्टरवर पंखे आणि माईक चालले तरी प्रोजेक्टर बंद पडतो. ज्या वक्त्याचं भाषण स्लाइडशिवाय उभं राहत नाही त्याला हे आधी कळवलेलं बरं.

वार्षिक आखणीत दोन तारखा या क्लबने नीट सांभाळल्या आहेत. १७ सप्टेंबरला, किंवा त्या आठवड्याच्या सभेला, १९४८च्या मराठवाडा मुक्तीवर वक्ता असतो. आणि ३० सप्टेंबरच्या आसपास किल्लारीची आठवण. १९९३ साली गणेश विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास तो भूकंप झाला. अनेक ठिकाणी या दिवशी नुसती श्रद्धांजली होते. इथे स्थापत्य अभियंत्याला बोलावतात, आणि तो घरं का पडली ते सांगतो: दोन थरांची जाड दगडमातीची भिंत, मध्ये भरलेली सैल माती आणि खडी, दोन्ही थरांना आरपार बांधणारे दगड नाहीत, वर माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या, मातीचं ओझं. हादऱ्याने थर सुटे झाले आणि छत खाली आलं. उपायही तो सांगतो: आरपारचे जोडदगड, जोत्यावर, दारांच्या वर आणि छताखाली सलग पट्टा, दरसाल माळवदावर चढवलेली माती उतरवणं. अंबड-घनसावंगीच्या खेड्यांत अशी घरं आजही आहेत. हे भाषण हॉलमध्ये न ठेवता एखाद्या गावाच्या पारावर ठेवलं तर त्याचा उपयोग दसपट होईल.

आता बुलेटिन. मंगळवारच्या सभेचं बुलेटिन रविवारी रात्री किंवा सोमवारी येतं, म्हणजे पुढच्या सभेच्या एक-दोन दिवस आधी. चार पानं, त्यांतली अडीच फोटोंची. पहिल्या पानावर अध्यक्षांचा संदेश, मग वाढदिवस, मग सभेचा वृत्तान्त, शेवटी पुढच्या सभेची सूचना. छपाई सुबक, नावांच्या चुका क्वचित. संपादक कष्ट घेतो हे दिसतं. पण वृत्तान्त वाचा: “मा. वक्त्यांनी जलसंवर्धनाचे महत्त्व पटवून दिले. त्यांचे मोलाचे मार्गदर्शन सर्वांना लाभले. सभेस बहुसंख्य सभासद उपस्थित होते.” ही तीन वाक्यं कुठल्याही क्लबच्या, कुठल्याही वर्षाच्या बुलेटिनमध्ये बसतील.

त्याच विषयावर बोलणारा माणूस काय सांगतो? हजार चौरस फुटांच्या छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ९३० लिटर पाणी होतं. गळती, बाष्पीभवन आणि छत धुऊन नेणारा पहिला पाऊस सोडून दिला तर त्यातलं ऐंशी टक्के, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आतबाहेर हाती लागतं. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर एका छतावरून पन्नास हजार लिटरांच्या वर. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तिच्या पहिल्या खेपेत पाच लाख लिटर पाणी होतं, म्हणजे अशी दहा छतं. बोअरमध्ये पाणी सोडण्याआधी गाळणीचा खड्डा हवा, खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. वाळूचा वरचा थर दरवर्षी मेमध्ये धुवावा, नाहीतर गाळाने बोअरच बुजतो. पावसाळ्याच्या सुरुवातीचं पाणी वळवायला पाइपाला वेगळी तोटी ठेवावी. एवढं सात-आठ ओळींत मावतं. सभेला न आलेला सभासद ते वाचून प्लंबरला बोलावू शकतो. “महत्त्व पटवून दिले” वाचून काहीच करू शकत नाही.

सेवा प्रकल्पांच्या बातम्यांचंही तसंच आहे. नेत्रशिबिराची बातमी “भरघोस प्रतिसाद” अशी नको. किती जणांची तपासणी, किती जणांना मोतीबिंदू, किती शस्त्रक्रिया झाल्या आणि महिना-दीड महिन्याने चष्म्याचा नंबर काढायला किती परत आले, हे चार आकडे हवेत. चौथा आकडा मिळवायला फोन करावे लागतात, म्हणून तो कुठेच छापला जात नाही, आणि शिबिर यशस्वी झालं की नाही हे त्याच्यावरच ठरतं. रक्तदानात पिशव्यांच्या संख्येसोबत किती इच्छुक परत पाठवावे लागले तेही द्यावं. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असलं की रक्त घेत नाहीत, आणि परत गेलेल्यांत बायका किती हे पाहिलं की पुढचं शिबिर कशाचं घ्यायचं ते कळतं. वृक्षारोपणाची बातमी जुलैत येते ती लावलेल्या रोपांची. जगलेल्या रोपांची बातमी पुढच्या मेमध्ये यायला हवी, त्याच ओळीत जुना आकडा देऊन.

तांत्रिक बाजूने काही साध्या दुरुस्त्या. मजकूर जुन्या फाँटमध्ये बसवून पीडीएफ केला जातो, त्यामुळे फोनवर शब्द शोधता येत नाही की परिच्छेद उचलून कुणाला पाठवता येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलं की दोन्ही जमतं. ए-फोरवर तीन रकाने फोनच्या पडद्यावर डोळे बारीक करून वाचावे लागतात, एकच रकाना आणि मोठं अक्षर पुरे. फोटो न घटवता टाकल्याने फाइल फार जड होते, फोटो लहान करून दोन-तीन एमबीच्या आत ती बसवता येते. निम्मा मजकूर इंग्रजीत असतो तो वरिष्ठ पदाधिकाऱ्यांसाठी. त्यांच्यासाठी इंग्रजीत एक छोटा गोषवारा पुरतो, बाकी सगळं मराठीत असलं की सभासदाच्या घरातही ते वाचलं जाईल. आणि बुलेटिन गुरुवारी रात्री निघावं. त्यासाठी सभेतच एकाने वहीत टिपणं घ्यावीत, बुधवारी ती वक्त्याला पाठवून आकडे तपासून घ्यावेत. वक्ते आनंदाने तपासून देतात, एका फोनचं काम आहे.

जेवण साधं आणि चांगलं: भाकरी, पिठलं, ठेचा, एखादी भाजी, वरण-भात, हंगामात हुरडा. ते वक्त्याला आधी वाढतात, हे पाहून बरं वाटतं. ज्याला पाहुणा म्हणून जाऊन पाहायचं असेल त्याने ओळखीच्या सभासदाला आदल्या दिवशी सांगावं, कारण ताटांची मोजदाद सभेच्या सकाळी होते. पहिल्यांदा जाताना व्यवसाय परिचयाचा मंगळवार निवडावा, तारीख बुलेटिनच्या शेवटच्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात असते. आणि पोचावं आठला पाच मिनिटं कमी असताना.